न पडलेली पाकळी

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मला कोणी कळवलं नाही. बदली होऊन तुम्ही तुमच्या मुलखात परत गेला होतात, आणि बातमी आमच्यापर्यंत आली ती कोणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत. शेजारच्याने भात कालवता कालवता सांगितलं की आपले चौथीचे गुरुजी वारले. मी तोंडातला घास गिळला आणि पुढचा घेतला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आज लिहायला बसलो आहे कारण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. देवीला माहीत असणार, पण तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

मी खिडकीपाशी बसायचो. पाढे म्हणताना डोळे मिटायचो म्हणून तुम्ही मला साधू म्हणायचात, आणि सगळा वर्ग हसायचा. आता पन्नाशीला आलो. नारपोलीत एका कारखान्यात कापड तपासायचं काम करतो. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका काचेच्या टेबलावरून ओढायचा, खालून ट्यूबलाइट असते, त्या उजेडात तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसतो. चांगला ताका एका बाजूला, डागी दुसऱ्या बाजूला. सोपं वाटतं. पण बाजार मंदा असला की शेठ येऊन सांगतात, जरा कडक बघ. मग काल जो ताका चांगल्यात गेला असता तोच आज डाग्यात जातो. कापड तेच, धागा तोच, विणणारा तोच. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा. नंतर सवय झाली. कापडाला काय वाटतं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. या उन्हाळ्यात पडला.

मला एक मुलगी आहे. तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. ते काय असतं हे तिने मला दोन-तीनदा समजावलं, आणि मी दोन-तीनदा समजल्यासारखी मान हलवली. एका मोठ्या विद्यापीठात त्याचा चांगला अभ्यासक्रम आहे, जागा थोड्या, परीक्षा देऊन घेतात. तिने दोन वर्षं त्यासाठी काढली. आमच्या खोलीच्या खाली लूम चालतात, जमीन थरथरते, पेला टेबलावर सरकत जातो. ती पेल्यात पेन्सिली उभ्या करून, पेला भिंतीला टेकवून अभ्यास करायची. निकाल आला तेव्हा तिला शेवटच्या जागेइतकेच गुण होते. इतकेच, म्हणजे अगदी तेवढेच. पण तेवढेच गुण आणखी एकाला होते आणि जागा एक होती. तिथला नियम असा की गुण सारखे असतील तर ज्याचं वय जास्त त्याला आधी. तो कोण, कुठला, आम्हाला माहीत नाही. फक्त माझ्या मुलीच्या आधी जन्माला आला एवढं कळलं.

ती रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं. ती जेवायची, भांडी घासायची, आईला भाजी निवडून द्यायची आणि बोलायची नाही. इथल्या कॉलेजात तिला जागा मिळत होती, तिथे जाऊन नाव घालायचं होतं आणि त्याचे दिवस संपत आले होते. ती जात नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईन असंही म्हणत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, “पप्पा, माझ्यात काय कमी होतं ते तरी त्यांनी सांगायला पाहिजे ना? डाग दाखवून मग बाजूला ठेवा.” माझ्याच कामाची भाषा. कारखान्यात एका जुन्या कारीगराला सांगितलं तर तो धागा जोडता जोडता म्हणाला, “नसीब है चाचा. किसका ताका किधर गया, किसको पता.” बरोबर आहे. पण ते घरी जाऊन मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

मोठ्याला आधी, हे मला तसं पटतं. पंगतीत आपण मोठ्यांना आधी वाढतो. पण पंगतीत लहानाला उपाशी उठवत नाहीत. मग वाटतं, तो जो कोणी असेल तो कदाचित दुसऱ्यांदा बसला असेल परीक्षेला, त्याला आता तिसरी संधी नसेल, आणि म्हणूनच कोणीतरी शहाण्या माणसाने तसा नियम केला असेल. त्याचा बाप त्या दिवशी देवळात पेढे घेऊन गेला असेल. देव दोघांचाही आहे. इथपर्यंत आलो की माझं डोकं चालेनासं होतं.

म्हणून एका संध्याकाळी मी तिला तुमची गोष्ट सांगितली. तिने ती आधी ऐकली होती, पण लहान असताना, आणि तेव्हा ती झोपायच्या आधी ऐकायच्या गोष्टींतली एक होती. तिची आई भाकऱ्या थापत होती. मी भिंतीला टेकून बसलो आणि सांगू लागलो.

तुम्हाला आठवतं का ते मला माहीत नाही, म्हणून जसं तिला सांगितलं तसं लिहितो. दूरच्या एका संस्थेचं वसतिगृह आहे, पाचवीपासून पुढे शिकायला तिथे आपल्या शाळेतलं एक मूल घेणार आहेत. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यांचं. वर्गात दोघंच हुशार, मी आणि विहिरीजवळच्या घरातली एक मुलगी. आमचे गुण सारखे. तुम्ही आमची पुन्हा परीक्षा घेता, पुन्हा सारखे. माझी आई शाळेत येऊन तुम्हाला हात जोडते. मुलीचा बाप येत नाही, निरोप धाडतो की पोरगी आता शाळा सोडणार, आत्याकडे पोरं सांभाळायला जाणार आणि तिकडेच तिचं लग्न लावायचं. गावातली मोठी माणसं म्हणतात, मग प्रश्नच मिटला, पोराला धाडा. आणि तुम्ही, बाहेरगावचे, नेहमी आमच्या नवसाला हसणारे, ओट्यावर बसून म्हणता की दोन्ही मुलं सारखी आहेत, मी ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका, गावदेवीला कौल लावा.

त्या दिवसांत गावाला सुतक होतं. माझे चुलत आजोबा गेले होते, आणि गाव सगळं एकाच भावकीचं, पुजारीसुद्धा. देवळाची पायरी कोणी चढत नव्हतं. सुतक नव्हतं ते एका तुम्हाला. देवीपुढचा दिवासुद्धा तुम्हीच लावत होतात. कोणी म्हणालं, सुतक फिटू द्या मग लावू कौल. तुम्ही म्हणालात, वसतिगृहाला नाव लगेच कळवायचं आहे. मग असं ठरलं की पुजाऱ्याने अंगणातून गाऱ्हाणं घालायचं आणि पाकळ्या तुम्ही लावायच्या.

आम्ही सगळे अंगणात उभे आहोत. तुम्ही अंघोळ करून ओल्या धोतराने आत जाता. शेंदराने माखलेली देवीची शिळा, तिच्या उजव्या अंगाला माझी तगरीची पाकळी, डाव्या अंगाला त्या मुलीची. केशरी रंगावर पांढऱ्या पाकळ्या लांबूनही दिसतात. तुमची पाठ आमच्याकडे आहे. पुजारी हात जोडून म्हणतो, “आई, दोनी लेकरं तुझीच हायती. ज्याला धाडायचा हाय त्याची पाकली सोड.” तुम्ही बाजूला होता. मी डोळे मिटतो, माझी सवयच ती. लोकांचा आवाज ऐकून उघडतो तेव्हा डावी पाकळी खाली पडलेली असते.

मुलीचा बाप मागे उभा होता. तो हट्टी माणूस, भावाचंही ऐकायचा नाही. तो पुढे आला, अंगणातूनच देवीला नमस्कार केला आणि म्हणाला, “देवीनं सांगितला तर माझा काय चालनार.” ती मुलगी वसतिगृहात गेली. मी गावातच सातवी केली, मग लूमवर आलो.

माझी पाकळी पडलीच नाही. दुसऱ्या दिवशी आई देवळाच्या अंगणापर्यंत जाऊन बघून आली आणि मला जवळ घेऊन म्हणाली, “रडू नको. तिला सोडला, तुला धरून ठेवलाय देवीनं. पाकली अजून हाय.” गुरुजी, या एका वाक्यावर मी जगलो आहे. थट्टा नाही. लूमच्या आवाजात रात्रपाळ्या केल्या, वडील गेले, शेतातला हिस्सा वाटणीत गेला आणि जिथे भात लावायचो तिथे गोदामं उभी राहिली, तेव्हा तेव्हा मनात हेच होतं की मी नाकारलेला नाही, धरून ठेवलेला आहे. मुलीलाही हेच सांगायचं होतं. की बघ, कधी कधी आपण राहून जातो ते कोणीतरी धरलंय म्हणून.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, “पाकळ्या कशाने चिकटवतात, पप्पा?”

“पाण्याने. बोट ओलं करून.”

“आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चिकटून होती?”

“होती. आजीने बघितली ना.”

“पाणी तर सुकतं,” ती म्हणाली. मग, “शेंदरात तेल असतं ना? दाबली की बसणारच.”

तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, “देवीच्या बाबतीत काय पण विचारतेस.”

“मी देवीला नाही विचारत, आई. मी गुरुजींना विचारतेय.”

भाकरी करपल्याचा वास आला. मला तेव्हा तुमची खोली आठवली. शाळेच्या मागची, एका स्टोव्हची, पत्र्याच्या डब्यावर आरसा टेकवलेली. कौलाच्या संध्याकाळी तुम्ही मला जेवायला बोलावलं होतंत. मऊ भात आणि कुळथाचं पिठलं. तुम्ही माझ्या ताटात दोनदा वाढलंत, पण माझ्याकडे बघत नव्हतात. तुमच्या अंगठ्याला शेंदूर होता. तुम्ही जेवायच्या आधी राख लावून तो चोळत होतात आणि तो जात नव्हता. मी रडायला लागलो तर तुम्ही रागावलात. कधी न रागावणारे तुम्ही. म्हणालात, “जे आपल्या हातात नसतं त्यासाठी रडायचं नाही.” आणि मग जाताना तुमचं स्वतःचं पेन मला दिलंत, निळं, टोपणाला चीर गेलेलं. मी ते शाबासकी समजून घेतलं होतं.

शेंदूर तर पाकळी लावणाऱ्या कोणाच्याही बोटाला लागतो. त्याने काही ठरत नाही, हे मलाही कळतं. पण तेव्हापासून मला तो अंगठा दिसतो आहे. कापड तपासताना दिसतो. मी स्वतःला विचारतो, गुरुजींनी माझी पाकळी मुद्दाम दाबून बसवली असेल तर का? आणि उत्तर इतक्या लवकर येतं की भीती वाटते. त्या मुलीच्या बापाने तुमचं ऐकलं नसतं, गावाचं ऐकलं नसतं, सरकारचंही ऐकलं नसतं. फक्त देवीचं ऐकलं असतं. मला पुढे काहीतरी मिळालं असतं, मुलगा होतो. तिला दुसरं काहीच मिळालं नसतं. मग तुम्ही बरोबर केलंत. आज मी एका मुलीचा बाप आहे, आज तर मला ते बरोबरच वाटायला हवं. वाटतंही. पण मग माझी आई, तिने जोडलेले हात, आणि अकरा वर्षांचा तो मुलगा जो डोळे मिटून उभा होता कारण त्याचा विश्वास होता? त्याच्यात काय कमी होतं ते त्याला कोणी सांगितलं? आणि तुम्ही तसं केलंच नसेल, तेल जरा जास्त झालं असेल त्या दिवशी शेंदरात, तर मी इतका वेळ एका चांगल्या माणसावर संशय घेत बसलो आहे.

ती मुलगी पुढे परिचारिका झाली. दर वर्षी गावदेवीच्या जत्रेला येते, ओटी भरते. आता तिचेही केस पांढरे झालेत. यंदाच्या जत्रेत, माझ्या मुलीचा निकाल लागायच्या बऱ्याच आधी, आम्ही दोघं देवळामागच्या पारावर बसलो होतो. कशावरून तरी तो दिवस निघाला. मी सहज म्हणालो की तुझं नशीब थोर. ती हसली. म्हणाली, “मला जायचंच नव्हतं रे. मी त्या दिवशी देवीला म्हणत होते, याची पाड, याची पाड. तिकडे गेल्यावर वर्षभर रोज रडले. तुझा राग यायचा मला.” मग पिशवीतून प्रसाद काढून माझ्या हातावर ठेवला. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. आता कळत नाही की त्या अंगणात त्या दिवशी नक्की कोणाचं ऐकलं गेलं.

परवा रविवारी मुलगी म्हणाली, पप्पा, आपण देवळात जाऊ. मी घाबरलो. म्हटलं, देवीची परीक्षा घ्यायची नसते. ती म्हणाली, प्रश्न नाही विचारायचा, कौल नाही लावायचा, नुसती दोन फुलं वाहायची. नुसती फुलं वाहायला कोण नाही म्हणणार? आम्ही रिक्षाने दापोड्यावरून गेलो. रस्त्यात गोदामांपाशी ट्रेलर मागे घेत होते म्हणून बराच वेळ थांबलो. तुम्ही आता आलात तर गाव ओळखणार नाही तुम्ही, पण देऊळ तिथेच आहे. फरशा बसवल्यात, पंखा आहे, लोखंडी दार आहे. शिळा तीच. हल्ली कोणीही आत जाऊन हात लावतं. मी नारळ फोडला आणि मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली, कशाबद्दल ते नीट न ठरवता.

तिने तगरीच्या दोन पाकळ्या घेतल्या. एक बोट ओलं करून डावीकडे लावली. दुसरी उजवीकडे ठेवून अंगठ्याने हलकीच दाबली. मग आम्ही दोघं मागे भिंतीला टेकून बसलो. पंखा बंद केला होता. बाहेर कोणीतरी गोदामाचं शटर ओढलं, पुन्हा सगळं शांत झालं. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. डावी पाकळी आधी कडेने सुटली, जरा लोंबली आणि पडली. उजवी तशीच राहिली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं ती आता म्हणेल, बघा. पण ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “एकदा करून काही सिद्ध होत नाही, पप्पा. आमच्या विषयात हे पहिल्याच दिवशी शिकवतात.”

“तू तर अजून पहिल्या दिवसाला गेली नाहीस,” मी म्हणालो.

ती हसली. किती दिवसांनी. म्हणाली, “उद्या जाते.” इथल्या कॉलेजात जाते, की पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करते, मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी डबा घेऊन निघाली आणि संध्याकाळी कॉलेजातून नाव घालून आली. पुन्हा परीक्षा देणार का, तर म्हणाली, बघू. तिला तो नियम पटला का, तर म्हणाली, नाही. मलाही पटला असं नाही आणि नाही असंही नाही. तिने माझ्यापेक्षा लवकर यातून वाट काढली. मी अजून त्या अंगणात उभा आहे.

गुरुजी, तुम्ही असता तर हे पत्र मी आणून तुमच्या हातात दिलं असतं आणि पळून गेलो असतो. तुम्ही कागदावर बोटांचे डाग पडलेले चालवून घेत नव्हतात, पानच्या पान पुन्हा लिहायला लावायचात. या कागदाच्या कडेला केशरी डाग पडले आहेत. तेल असतं ना शेंदरात, दोन दिवस धुतला तरी अंगठा अजून साफ नाही. काल एक ताका माझ्याच बोटामुळे डाग्यात टाकावा लागला.

हा शेंदूर कसा लागला ते तेवढं सांगतो. मुलीला काही सांगितलेलं नाही. ती बाहेर चप्पल घालत होती, मला म्हणाली, चला. मी हो म्हणालो, आणि निघता निघता ती उजवीकडची पाकळी अंगठ्याने आणखी थोडी दाबली.